सायीची चाल

आबा गेल्यानंतरही आमच्या अंगणात त्यांची पावलं वाजत राहिली. रोज सकाळी घोडीला हौदावर नेताना फरशीवर तो आवाज उमटायचा आणि स्वयंपाकघरात माईचा हात थांबायचा. तवा रिकामाच तापत राहायचा. मग घोडी पाण्याला तोंड लावायची आणि माई पुढची भाकरी थापायला घ्यायची.

घोडीचं नाव साय. दुधावर जमणाऱ्या सायीचा रंग, म्हणून आबांनी ठेवलेलं. आमचं गाव सारंगखेड्याजवळ, तापीच्या काठाला. आबा, म्हणजे उदेसिंग गिरासे, जन्मभर घोडे पाळत आले. तरुणपणी एका बिथरलेल्या घोड्यावरून पडून त्यांचं कमरेचं हाड मोडलं आणि वाकडं जुळलं. तेव्हापासून त्यांची चाल वेगळी होती: चांगला पाय, काठी, आणि मग जरासा थांबून, ओढत येणारा दुसरा पाय. लहानपणी मी अंथरुणात पडल्या पडल्या तो आवाज ऐकायचे. फाटकापासून ओट्यापर्यंत. ओट्याशी पोचला की मला झोप लागायची.

सायीची आई बाळंतपणातच गेली. आबांनी शिंगराला बाटलीनं दूध पाजलं, आपल्या जुन्या शालीत गुंडाळून ठेवलं आणि ते उभं राहायला लागल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ गावातल्या सिमेंटच्या रस्त्यानं फिरायला नेलं. गावातले लोक हसायचे. आबा म्हणायचे, "हसा. तुमच्या पोरांना मी असं फिरवलं असतं तर ती बी सरळ झाली असती."

तो विनोद किती खरा होता, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं.

मी नाशिकला असते. शाळेच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांचं संपादन करते. त्यामुळे जे पुढे सांगायचं आहे ते मला आधी पुस्तकातून कळलं आणि नंतर अंगणातून.

घोड्यानं कोणतं पाऊल कधी टाकायचं हे बरंचसं त्याच्या मज्जारज्जूत ठरतं. तिथे चेतापेशींची लहान लहान मंडळं असतात आणि ती पाय आळीपाळीनं उचलायला लावतात. बहुतेक घोड्यांत ही मंडळं एकमेकांशी घट्ट बांधलेली असतात, म्हणून ते एक तर चालतात, नाही तर दुडकतात, नाही तर दौडतात. काही घोड्यांत एका जनुकातला बदल ही बांधणी सैल करतो. असा घोडा रेवाळ चालू शकतो. चारही पाय एकामागून एक, सारख्या अंतरानं पडतात आणि पाठीवर बसलेल्या माणसाच्या हातातल्या पेल्यातलं पाणी सांडत नाही. इतकं पूर्वीपासून माहीत होतं. लोक समजत होते की जनुक आहे म्हणजे चाल आहे.

मग एका संशोधक गटाला पोरक्या शिंगरांमध्ये वेगळंच दिसलं. जनुक फक्त बांधणी सैल करतं. लय देत नाही. अशा शिंगराची ती मंडळं जन्मानंतर काही महिने ओल्या मातीसारखी असतात. शेजारून जे कोणी चालतं, त्याच्या पावलांचा ठेका ती उचलतात आणि मग तो ठेका कायमचा वाळतो. शेजारून सहसा आई चालते, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. रंग रक्तातून येतो आणि चाल सोबतीतून, असं वाक्य मी पाठ्यपुस्तकात घातलं होतं. समितीनं ते अवैज्ञानिक म्हणून काढून टाकलं.

सायीत तो बदल होता. आणि तिच्या शेजारून आबा चालले होते.

तिच्या चालीत तीन ठोके सारखे पडतात. चौथा मागे राहतो, आणि मग येतो.

आबांचं मासिक श्राद्ध झाल्यावर माई मला म्हणाली, "घोडी विकून दे."

मी म्हटलं, "घाई काय आहे? गडी आहे, चारा आहे."

"चाऱ्याचं नाही गं." ती निवडलेल्या लसणाची सालं गोळा करत होती. "बेचाळीस वर्षं त्या पावलांचा आवाज आला की मी उठून दार उघडलं. आता आवाज येतो, मी उठते, आणि कोणीच नसतं. दिवसातून दोनदा. मला नाही झेपत."

मला मात्र नेमकं तेच हवं होतं. आबांचा आवाज फोनमध्ये होता, पण तो त्यांच्या दम्यानंतरचा, थकलेला होता. फोटोंतले आबा कोणाच्या तरी लग्नात फेटा सावरत असायचे. पण हौदापाशी सकाळी मी डोळे मिटून उभी राहिले की फाटकापासून ओट्यापर्यंत तेच येत असायचे, वय नसलेले. त्या काही सेकंदांसाठी मी नाशिकची रजा वाढवत होते, हे कार्यालयाला सांगता येण्यासारखं नव्हतं.

तरी माईपुढे माझं चालेना. मी मनाशी एवढंच ठरवलं की विकायची तर चालीला हात न लावण्याच्या अटीवर विकायची. कारण आता हात लावता येत होता. अर्धांगवायूच्या रोग्यांसाठी एक पट्टा निघाला होता, लयपट्टा म्हणतात त्याला. तो पाठीवर बांधला की प्रत्येक पावलाला कण्यात बारीकसा विजेचा इशारा देतो आणि काही आठवड्यांत मज्जारज्जू नवी लय धरतो. जुनी परत येत नाही. माणसांनंतर तो घोड्यांना लावायला लागले. नाशिकच्या डॉक्टरांनी आबांनाही सुचवला होता. आबांनी ते हसण्यावारी नेलं. मला म्हणाले, "सरळ चालायला लागलो तर तुझी माई दार उघडणार नाही. म्हणेल, कोण परका माणूस आला."

मार्गशीर्षात सारंगखेड्याची जत्रा भरली. नदीकाठच्या मैदानात तंबूंच्या रांगा, घोड्यांच्या गळ्यांत मण्यांच्या माळा, जिलबीचा वास, आणि लिदीचा. आम्ही सायीला घेऊन गेलो. माईही आली, याचं मला नवल वाटलं. आबा असताना ती कधी घोडेबाजारात आली नव्हती.

आमच्या तंबूपुढे पहिल्याच दिवशी गर्दी झाली. त्याला कारण सायीचा रंग. पूर्वी वरातीला नुकरा घोडा लागायचा, पांढराशुभ्र, गुलाबी कातडीचा. पण उन्हाळे वाढत गेले तसे नुकरे भाजून निघायला लागले. कातडीला फोड, डोळ्यांना पाणी. सायीच्या अंगावरचे केस फिकट, पण खालची कातडी काळसर. ऊन परतवते आणि भाजत नाही. हा रंग देणारं जनुक मोजक्या घराण्यांत सापडलं होतं आणि सायीकडे त्याच्या दोन्ही प्रती होत्या, आईकडून एक, बापाकडून एक. त्यामुळे तिच्या प्रत्येक शिंगराकडे एक प्रत जाणारच. केसाच्या मुळावरून दहा मिनिटांत हे कळायचं आणि मग बाजारातल्या प्रत्येक फोनवर तिची किंमत दिसायची.

"भाव फोन सांगतो, बेटी," याकूबचाचा म्हणाले. ते नंदुरबारचे दलाल, आबांचे दोस्त. "माझं काम आता एवढंच, रुमाल धुऊन आणायचा."

रुमाल म्हणजे सौद्याचा. विकणारा आणि घेणारा त्याखाली हात घालतात, बोटांनी भाव सांगतात, बघणाऱ्यांना काही कळत नाही. किंमत सगळ्यांनाच कळायला लागल्यावर रुमाल उरायचं कारण नव्हतं. पण या बाजारात तो उरला, कारण आबांच्या पिढीनं त्यात आणखी एक रीत ठेवली होती. भाव ठरल्यावर विकणाऱ्यानं एक बोट सोडलं, म्हणजे तेवढे पैसे कमी घेतो म्हणून सांगितलं, तर घेणाऱ्यानं त्याची एक अट ऐकायची. कोणतीही, पण एकच. फोनला जे माहीत नसतं ते रुमालाखाली बोलायचं, असं काहीसं झालं होतं.

सोहम पायगुडे पुण्याकडच्या एका अश्वपैदास केंद्रातून आला होता. तिशीचा, नम्र, घोड्याला हात लावण्याआधी त्याला हाताचा वास घेऊ देणारा. मला तो आवडू नये असं वाटत होतं, पण आवडला.

"ताई, मी स्पष्टच सांगतो," तो म्हणाला. "आम्ही रंगासाठी घेतोय. तिची बीजं काढून दुसऱ्या घोड्यांच्या पोटात वाढवू. वर्षाला आठ-दहा शिंगरं होतील. तिला स्वतःला त्रास नाही. खाईल, फिरेल."

"आणि चाल?"

"चालीला आम्ही लयपट्टा लावतो. पहिल्याच महिन्यात."

"तो लावायचा नाही, अशी माझी अट असली तर?"

त्यानं खांदे उडवले नाहीत, कारणही विचारलं नाही. "तर नाही लावणार. शिंगरं दुसऱ्या आयांजवळ वाढणार, त्यामुळे हिच्या चालीचा आमच्या धंद्याशी संबंध नाही. तुमच्यावर आहे. फक्त हे एकदा बघा."

त्यानं सायीला चाल मोजणाऱ्या एका चौकटीतून दोनदा चालवलं आणि तिचा पडदा माझ्यापुढे धरला. घोडीची आकृती, तिच्यावर रंग. उजवा पुढचा खांदा शेंदरी दिसत होता.

"चौथं पाऊल उशिरा पडतं. तेवढा वेळ सगळं वजन या खांद्यावर थांबतं. क्षणभरच, पण प्रत्येक वेळी. आता चार वर्षांची आहे, म्हणून दिसत नाही. नऊ-दहा वर्षांची होईल तेव्हा हा खांदा जाईल. मग ती उभी राहताना विव्हळेल."

"तुम्हाला पट्टा लावायचा आहे म्हणून सांगत नाही ना?"

"मला काय फरक पडतो, ताई? मी आत्ताच नाही लावणार म्हणालो."

तो पुढच्या तंबूकडे गेल्यावर मी सायीच्या उजव्या खांद्यावर तळहात ठेवला. मग डाव्या. पुन्हा उजव्या. उजवा गरम होता. साय मान वळवून माझ्याकडे बघत राहिली, मग माझ्या ओढणीचं टोक तोंडात धरून चघळायला लागली.

माई तंबूत गोणपाटावर बसून शेंगा सोलत होती. न सांगण्याचा विचार माझ्या मनात आला. सोहमनं काही दाखवलंच नाही, असं धरून चालता आलं असतं. अट घातली असती, घोडी गेली असती, आणि कुठल्या तरी डोंगराखालच्या तबेल्यात, मी ऐकायला नसले तरी, आबा रोज फाटकातून आत येत राहिले असते.

मी सांगितलं.

माईनं शेंग खाली ठेवली. "कोणता खांदा?"

"उजवा. म्हणजे वेळेवर पडणाऱ्या, चांगल्या बाजूचा."

"त्यांचं बी आधी चांगल्याच बाजूचं दुखायचं. मोडकी बाजू नंतर." ती तंबूच्या दाराकडे बघत होती. "तुला तो आवाज गोड वाटतो, हेमा. वाटणारच. ओट्यापर्यंत आला की तू झोपायचीस. त्याच्यापुढचं मी पाहिलं. खाटेवर बसताना दात आवळायचे. तीस वर्षं मी त्या कमरेला तेल चोळलं. चोळताना म्हणायचे, हळू गं, पोरगी उठेल."

मी खाली पडलेली टरफलं पायानं बाजूला सारली.

"पट्टा लावा म्हणून मी पाया पडले होते त्यांच्या. तर ते परक्या माणसाचं सांगितलं. तू हसली होतीस."

"तूही होतीस तिथे."

"मी नव्हते हसले."

बाहेर कोणी तरी घोडा नाचवत होतं; ढोलकीवर लोक टाळ्या देत होते. माई म्हणाली, "ते हट्टानं वागले, ती त्यांची मर्जी. हिला कोणी विचारलं? बाळ होती, जे शेजारून चाललं ते घेतलं तिनं. आपली आठवण वाहायला तिचा खांदा कशाला पाहिजे?"

"मग काहीच नाही उरणार, माई."

"नाही उरणार," ती म्हणाली. "माझ्याकडे बी नाही उरणार. मी काय आनंदानं सांगून राहिले का?"

तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा हलला. आबा गेले त्या दिवसापासून पहिल्यांदा. ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. मीही तिच्याजवळ बसून सोलायला लागले. दाणे एकाच सुपात पडत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सौदा झाला. याकूबचाचांनी स्वच्छ धुतलेला रुमाल पसरला. एका बाजूनं मी हात घातला, दुसऱ्या बाजूनं सोहमच्या वतीनं चाचांनी. त्यांची बोटं खरखरीत आणि थंड होती. त्यांनी माझी बोटं दाबली, मी मोजली, फोनवरचीच किंमत होती. मी होकाराचा दाब दिला. माझी अट आता नव्हती.

"झालं?" सोहमनं विचारलं.

"थांबा," माई म्हणाली.

ती माझ्या शेजारी आली, माझा हात बाजूला केला आणि स्वतःचा रुमालाखाली घातला. या बाजारात बायका घोडे विकत नाहीत असं नाही, पण माईच्या वयाच्या बाईला रुमालाखाली हात घालताना मी तरी पाहिलं नव्हतं. चाचांच्या चेहऱ्यावर आधी संकोच दिसला. मग ते एकदम गंभीर झाले.

"भाभी, एक बोट सुटलं," ते म्हणाले. "काय पाहिजे?"

सोहमला कळेना. चाचांनी त्याला थोडक्यात रीत सांगितली. तो म्हणाला, "मावशी, पट्ट्याबद्दल असेल तर मी ताईंना शब्द दिलाय, त्यासाठी पैसे कमी—"

"पट्टा लावा," माई म्हणाली. "उद्याच लावा. तिच्या खांद्याला आराम पडू द्या. माझं दुसरं आहे. तुमची गाडी इथे नका आणू. पुलाच्या पलीकडे उभी करा. घोडी इथून चालत जाईल, पुलावरून. हेमा नेईल."

"बस, एवढंच?"

"त्यांना दवाखान्यात नेलं ते गाडीत घालून. स्ट्रेचरवर. अंगणातून चाकं गेली." माईनं हात अजून रुमालाखालीच ठेवला होता. "इतकी वर्षं मी त्यांना येताना ऐकलं. जाताना आवाजच नाही झाला. एकदा जाताना ऐकू द्या मला."

सोहम खाली बघत म्हणाला, "त्यासाठी कशाला बोट सोडता, मावशी? मी तशीच नेतो चालवत."

"साहेब, सुटलेलं बोट परत जोडत नाहीत," याकूबचाचा म्हणाले आणि रुमाल झटकून घडी घातली.

चार वाजायच्या सुमारास पुलावर वर्दळ कमी होती. संध्याकाळच्या खेळांसाठी येणारा लोंढा अजून यायचा होता. माईनं चहाच्या टपरीवरून प्लॅस्टिकची खुर्ची मागून घेतली आणि पुलाच्या तोंडाशी, कडेला ठेवली. पदर डोक्यावर घेतला. सायीच्या तोंडावरून हात फिरवला. आबा गेल्यापासून या तीन महिन्यांत ती घोडीला हात लावताना मला दिसली नव्हती. मग ती खुर्चीत बसली आणि मान खाली घातली, देवळात कीर्तन ऐकायला बसावं तशी.

मी दोर आखूड धरला आणि निघाले.

पुलावरचं डांबर थंडीत कडक झालं होतं. नाल स्वच्छ वाजत होते. तीन ठोके, आणि मग चौथा. खाली तापीचं अडवलेलं पाणी हलत नव्हतं. आवाज त्याच्यावर जाऊन पसरत होता. मी काहीही आठवायचं नाही असं ठरवलं होतं, फक्त ऐकायचं. पण थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की माझंही पाऊल थांबून पडतंय. लहानपणी आबांचं बोट धरून शाळेत जाताना मी अशीच चालत असणार. कोणी तरी टोकलं असेल, मग ते सुटलं असेल. ते कोणी सोडवलं हे मला आठवेना. मी तसंच चालू दिलं. आम्ही दोघी त्याच चालीनं पूल ओलांडत होतो, साय आणि मी, आणि मागे माई ऐकत होती. आमच्या दोघींतलं कुठलं पाऊल कुणाचं हे तिला तिथून कळत असेल का, असं मनात आलं.

मध्यावर मागून एक मालमोटार आली. साय जरा दचकली. मी तिच्या मानेवर हात ठेवला, मोटार पुढे जाऊ दिली. मग पुन्हा निघालो.

पलीकडे सोहम उभा होता. त्याच्या माणसानं गाडीची फळी खाली सोडली होती, तिच्यावर गवत पसरलं होतं. आमच्याकडे जनावर विकताना जुना दोर देत नाहीत. मी सायीच्या गळ्यातला दोर सोडला, सोहमनं आणलेला नवा बांधला. तिच्या उजव्या खांद्याला मी पुन्हा एकदा हात लावला.

"सवय व्हायला काही दिवस लागतील," सोहम म्हणाला. "पट्टा टोचत नाही. पाच-सहा आठवड्यांनी व्हिडिओ पाठवू का?"

"नको," मी म्हणाले. आणि मग, तो वळल्यावर, "खांदा थंड झाला की कळवा. तेवढंच."

साय फळीवरून वर गेली. गवतामुळे आवाज झाला नाही.

मी पूल परत चालून आले तेव्हा माई तशीच बसली होती, मान खाली घालून. मी जवळ जाऊन उभी राहिले तरी तिनं वर पाहिलं नाही.

"कुठपर्यंत ऐकू आलं?" मी विचारलं.

"मधल्या खांबापर्यंत चांगलं आलं. मग ती गाडी गेली. त्याच्यानंतर बी येत होतं. पण ते माझ्याच कानातलं असेल."

"घरी जायचं?"

"जाऊ. थोडं बसते."

मी तिच्या खुर्चीशेजारी कठड्याला टेकले. पलीकडच्या काठावर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब जात मिटला. पुलावरून जत्रेची माणसं यायला लागली होती, बायका, खांद्यावर पोरं घेतलेले बाप, बूट, चपला, अनवाणी पाय. कितीतरी पावलं. त्या सगळ्यांतून आम्ही दोघी अजून ऐकत होतो.